माझ्या पाठीवरची डावरी हिरवीन

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे, तंबूतल्या सिनेमाचा. सध्या विट्याबाहेर एका शेडसमोर दोरीवर वाळत पडलो आहे. अंग अजून ओलं आहे. वाळलो की मला कात्री लागणार, असं ठरलं आहे. म्हणून म्हटलं, वाळायच्या आधी बोलून घ्यावं.

माझा जन्म सांगलीचा. एका शिंप्याने मांजरपाटाचे लांब पट्टे जोडून मला शिवलं. शिवताना त्याची सुई माझ्यात कुठेतरी राहून गेली, ती आजही आहे. सिनेमातल्या नायकाला गोळी लागली की तो खरोखर कळवळायचा तो त्या सुईमुळे. लोक म्हणायचे, काय अभिनय आहे! मी गप्प बसायचो.

तुमचा माझ्यावर विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्यावर सिनेमातला पाऊस असा काही कोसळायचा, की पहिल्या रांगेतली माणसं डोक्यावर पोती घ्यायची. एकदा माझ्यावर वाघ आला. तंबूबाहेर बांधलेल्या शेळीने त्याची डरकाळी ऐकली, दावं तोडलं आणि ती सुटली ती थेट पाटणला जाऊन थांबली. पाटणला जाऊन चौकशी करा. शेळी आता हयात नाही, याला मी काय करू?

पण आज जे सांगायचं आहे, त्यात मीठमसाला नाही. ते दोन बाजूंचं आहे.

जत्रेतल्या आमच्या तंबूत मला भिंतीला लावत नसत, मधोमध उभा बांधत. माझ्या पुढे मशीन आणि पुरुषमंडळी. माझ्या मागे बायका आणि लहान पोरं. बायकांनी गड्यांच्यात बसायचं नाही, ही त्या वेळची रीत. खेळ सुरू होण्याआधी मालक मशीनसमोर नारळ फोडायचे आणि मग बादलीने माझ्यावर पाणी मारायचे. कापड ओलं झालं की उजेड आरपार जातो आणि मागच्या बायकांनाही सिनेमा स्वच्छ दिसतो. कोरडं राहिलं तर मागे नुसती धुरकट सावली.

मागे दिसायचं ते मात्र उलटं. पुढे जो नायक उजव्या हाताने तलवार चालवायचा, तो मागे डावरा व्हायचा. दुकानावरच्या पाट्या उलट्या दिसायच्या. पण मागे बसणाऱ्या बहुतेकींना वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं. मग तक्रार कोण करणार?

त्या बायकांत रंगूबाई होती. माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरची तरुण सून. ती जन्माची डावरी. मेंढरं वळताना गोफण डाव्या हाताने अशी फिरवायची, की कोल्हं वाट बदलून जायचं. पण घरात त्या हाताला किंमत नव्हती. देवाला डाव्या हाताने फूल नाही, पाहुण्याला पाणी नाही. जेवायला बसली की सासू तिचा डावा हात पदरात गुंडाळून वर गाठ मारायची. "आता खा माणसासारखी," म्हणायची. सवयीने रंगूबाई पुढे स्वतःच ती गाठ मारून घेऊ लागली.

एका जत्रेला माझ्यावर मेंढपाळाच्या पोरीचा सिनेमा लागला. शेवटी खलनायक जीप घेऊन पळतो. पोरगी टेकडीवर उभी राहते, गोफण गरागरा फिरवते आणि एका दगडात जीपची काच फोडते. पुढे पुरुषांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. मागे मात्र एक बाई ताडकन उभी राहिली.

"आगं बया! डावरी हाय! हिरवीन डावरी हाय!"

"खाली बस की गं, दिसंना झालंय," मागून कुणीतरी ओरडलं.

रंगूबाई खाली बसली. पण त्या अंधारात तिने पदराची गाठ सोडली आणि सिनेमा संपेपर्यंत डाव्या हाताने शेंगा खाल्ल्या. त्यानंतर दर जत्रेला ती मालकांना विचारायची, "माझ्या डावरीचा पिच्चर आणलाय न्हवं?" घरी गेली की गाठ परत बसायची. माझ्या पाठीशी मात्र तो हात मोकळा असायचा. मित्रांनो, पुढून माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण माझ्या पाठीला कामाला लावलं ते तिने.

मग काळ फिरला. आधी घराघरात टीव्ही आले, मग खिशाखिशात मोबाइल. तंबू फाटला. मालक गेले. त्यांचा मुलगा नानासो याने मशीन भंगारात घातलं आणि एक छोटा चौकोनी प्रोजेक्टर घेतला, तो लग्नात फोटो दाखवायला. मला त्यात काम नव्हतं. एकदा माझ्यावर कुरडया वाळत घातल्या. ज्या छातीवर फौजा लढल्या, त्या छातीवर कुरडया! शेवटी तासगावकडच्या राजवर्धनने मला मागितलं. त्याच्या बेदाण्याच्या शेडमध्ये धूळ येते, ती अडवायला माझे तुकडे बाजूंना लावायचे होते. नानासो म्हणाला, "न्ह्या. पडून कुजण्यापरीस बरं."

अशात एका दुपारी नानासोच्या शेडच्या दारात एक कॉलेजातली मुलगी येऊन उभी राहिली. सोनिया तिचं नाव. रंगूबाईची नात. मला कान आहेत का, असं विचारू नका. इतक्या वर्षांचे संवाद अंगावर घेतले की कापडालाही कान उगवतात.

"काका, आमची आज्जी तुमच्या तंबूत सिनेमा बघायची," ती म्हणाली. "तिला घरात सगळे वेडी ठरवायला लागलेत."

झालं होतं असं. रंगूबाई आता मलकापूरला लेकाकडे, बाळासोकडे राहते. बाळासो फौजेतून निवृत्त झालेला. त्याने हौसेने मोठा टीव्ही आणला आणि आईला तिचा आवडता सिनेमा शोधून लावून दिला. रंगूबाई शेवटपर्यंत टक लावून बसली. जीपची काच फुटली आणि ती म्हणाली, "ही ती न्हवं. माझी डावरी हाय. ही कोन उजवी आणून हुबी केलीया?"

बाळासोने परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा म्हातारी रडायला लागली. बाळासोने तिला साताऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिच्यादेखत सांगितलं, "डाक्टरसाब, आईचा दिमाग खिसकलाय." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग गॅसजवळ जायचं नाही, एकटीने एसटीत बसायचं नाही, जत्रेला गावी तर मुळीच नाही.

"आणि आता तीच म्हणाया लागलीये, आसंल बाबा, माझंच डोकं फिरलं आसंल," सोनिया म्हणाली. "पहिली भांडायची तरी. आता नुसती भिंतीकडं बघून बसते. काका, असा दुसरा सिनेमा होता का? डावरी हिरॉईन असलेला?"

नानासो विचारात पडला. "आज्जी कुठं बसायची तुजी?"

"कुठं म्हणजे? बायकांच्यात."

नानासोने कपाळावर हात मारला. मग माझी घडी उलगडून आणि हातातली किल्ली एकदा पुढून, एकदा मागून धरून त्याने तिला दाखवलं, पुढून जे उजवं ते मागून डावं कसं होतं. सोनिया खाली बसली.

"म्हणजे आज्जीचं खरंय. पण हिरॉईन डावरी नव्हतीच कधी. हे तिला कसं सांगू?"

मित्रांनो, मलाही तोच घोर लागला. म्हातारी शहाणी ठरणार होती, पण तिची डावरी तिच्याकडून काढून घेतल्यावर.

"सांगू नगंस," नानासो म्हणाला. "घिऊन ये. बघू दे तिला."

काल दिवस मावळताना बाळासोची गाडी आली. तो उतरला तोच कुरकुरत. "मागं बसल्यावर पिच्चर उलटा दिसतो म्हणं! फौजेत असली बंडल कुणी मारली असती तर पाठीवर वजनाचा पिट्टू बांधून पळवला असता." राजवर्धनही आला होता, टेप घेऊन माझी मापं घ्यायला. नानासोने मला शेडसमोर दोन खांबांना बांधलं, चौकोनी प्रोजेक्टर लावला, वडिलांच्या रीतीप्रमाणे त्याच्यासमोर नारळ फोडला आणि सिनेमाचा शेवट लावला.

रंगूबाई काही न विचारता माझ्या मागे जाऊन बसली. सोनिया तिच्या शेजारी.

आणि मागे काहीच दिसेना. नुसती धुरकट सावली हलत होती. ती माणूस आहे की झाड, तेही कळेना. रंगूबाईचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "न्हाईच ती. मला भास झाला आसंल. चल घरला."

बाळासो पुढून म्हणाला, "आये, मी सांगत हुतो न्हवं?"

ती उठली. माझ्याजवळून जाताना तिने सवयीने माझ्यावर हात ठेवला आणि थबकली.

"नानासो!"

"काय वो मावशी?"

"ह्यो कोरडा हाय की रं! तुज्या बापानं कवा कोरड्यावर खेळ केला हुता का? आदी पानी मार!"

नानासो बादली घेऊन धावला. राजवर्धन ओरडला, "आवं, भिजवू नका, मला आजच न्यायचाय!" पण तोवर पाणी माझ्या अंगावर आलं होतं. इतक्या वर्षांनी. मी शहारलो.

नानासोने शेवट परत लावला. टेकडी उजळली. मेंढपाळाची पोर उभी राहिली, तिने गोफण उचलली, डाव्या हातात, आणि गरागरा फिरवली.

"ती बग! ती बग माझी डावरी!"

"आये, उजवीच हाय की ती!" पुढून बाळासो.

"तुज्या बाजूनं आसंल! हिकडं यिऊन बग की!"

बाळासो आला. माझ्या मागे उभा राहून त्याने पाहिलं. मग पुढे गेला, परत मागे आला.

आता रंगूबाईच उठली. मला धास्ती वाटली. ती फेरी मारून पुढे गेली आणि म्हणाली, "परत लाव." नानासोने लावला. पोरीने उजव्या हाताने गोफण फिरवली, काच फुटली. रंगूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

"मंजी ती तुमच्यासारखीच हुती," ती म्हणाली. "आमच्या बाजूला आली की आमच्यासारखी व्हायची." आणि सोनियाकडे वळून हळूच, "येवड्या बाया मागं बसायच्या. कुनाला म्हाईतच न्हवतं गं."

"आये, मला वाटलं..." बाळासोने सुरुवात केली.

"तुला काय वाटलं ते तू डाक्टरला सांगितलंस की. माझ्यादेकत."

बाळासो मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात नानासोने नारळाचे तुकडे करून ताटलीत आणले. काहीतरी करायला मिळालं म्हणून बाळासोने ताटली घेतली आणि आईपुढे प्रसाद धरला. रंगूबाईने हात पुढे केला. डावा.

सगळे बघत होते. बाळासोच्या तोंडात "आये, उजवा" हे दोन शब्द आलेले मी पाहिले. आयुष्यभर त्या घरात तेच ऐकू येत आलं आहे. त्याने ते गिळले. तुकडा उचलला आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"दोन दे," रंगूबाई म्हणाली. "ह्या हाताची लय वरसांची बाकी हाय."

गाडी गेली. तिच्या गोळ्या बंद होतील का, गावच्या जत्रेला तिला एसटीत बसू देतील का, ते मला ठाऊक नाही. सोनिया जाताना नानासोला म्हणाली होती, "काका, कापू नका ना." नानासोने राजवर्धनकडे पाहिलं आणि राजवर्धनने टेप गुंडाळत सांगितलं, "शब्द दिलाय तुमी. वाळला की नेतो."

तेव्हा मित्रांनो, ऊन कडक आहे आणि माझी एक कड वाळत आली आहे. मी जमेल तितका सावकाश वाळतो आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस भलतंच काही सांगू लागलं, तर त्याला वेडं म्हणण्याआधी उठा, फेरी मारा आणि ते बसलं होतं तिथे जाऊन बसा. तिथून काही दिसलं नाही, तर लगेच घरी जाऊ नका. कापड कोरडं असेल.

आणि विट्याकडे येणं झालं, तर येताना एक बादली पाणी घेऊन या.