कवळीवाल्याची मुंडकी

“अप्रतिम!” म्हणत अध्यक्षांनी टाळी वाजवली, तेव्हा सूर्यास्तबाईंच्या चित्रावरचं फडकं अजून पुरतं सरकलंही नव्हतं.

कवळीवाल्याने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. कलावंत आधार मंडळातला हा त्याचा चौथा रविवार. वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोलात मांडायच्या, एकाने आपली कला दाखवायची, बाकीच्यांनी गहिवरायचं. नियम एकच, दोष काढायचा नाही. सूर्यास्तबाईंनी अकरा वर्षांत सूर्याला एकदाही उगवू दिलं नव्हतं. बासरीवाला, मन तयार नाही म्हणून, सात वर्षं बासरी नुसती मांडीवर घेऊन बसे, त्यालाही टाळ्या. अध्यक्ष कवी. त्यांची कविता सुरू झाली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागे पडायचं. खोटं वाटत असेल तर वाचनालयाच्या शिपायाला विचारा. दर सोमवारी तोच ते पुढे करायचा.

कवळीवाल्याला इथे धाडलं होतं बायकोने. तीस वर्षं तो दातांच्या दवाखान्यामागे कवळ्या घडवत होता. डॉक्टरांकडून हिरड्यांचा प्लास्टरचा साचा यायचा, त्यावर नुसता नंबर. माणूस कधी दिसायचा नाही. पण साच्यावरून अंगठा फिरवला की कवळीवाल्याला गाल दिसायचे, गालांवरून डोळे, आणि हा गडी जेवताना घरात कुणावर खेकसतो तेही. मग घरी तो मातीत ते डोकं घडवायचा. अशी चाळीस मुंडकी कपाटात बसली होती.

“चांगली आहेत का गं?” तो विचारी.

“मला मेलीला काय कळतंय! कपडे ठेवायला जागा नाही, एवढं कळतं. जा, तुमच्यासारख्या चार वेड्यांत जाऊन बसा.”

त्याला तेवढंच हवं होतं. कुणीतरी नीट बघावं आणि खरं सांगावं. नाहीतर सगळी मुंडकी पाण्यात घालून चिखल करून टाकायचा, हे त्याने ठरवलं होतं.

“आता आपले कवळीवाले!” अध्यक्ष म्हणाले.

त्याने पिशवीतून एकशेबारा नंबरचं डोकं काढून टेबलावर ठेवलं. दात नसलेला म्हातारा. ओठ आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली, आणि डोळ्यांत टाळ्यांची भूक.

“अप्र...” अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. आत दातांच्या दोन पांढऱ्याशुभ्र ओळी. डावा सुळा किंचित वाकडा, खरा वाटावा म्हणून मुद्दाम बसवलेला. कवळीवाल्याने आपलं काम ओळखलं, एकशेबारा नंबरची कवळी. चार रविवार त्याने तुच्छतेपायी या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

बासरीवाला खुदकन हसला. सात वर्षांत त्याने काढलेला तो पहिला सूर.

“अगंबाई, हे तर...” सूर्यास्तबाईंनी उरलेलं वाक्य गिळलं. “छान आहे हं!”

अध्यक्ष उठून निघून गेले. मागे राहिलेल्यांनी लगेच ठराव केला, की कवळीवाल्यांना काळीज नाही, त्यांनी पुन्हा येऊ नये. ठरावालाही टाळ्या पडल्या.

सोमवारी दुपारी कवळीवाला सगळी मुंडकी दवाखान्यामागच्या कामाच्या खोलीत आणून घमेलंभर पाणी घेऊन बसला. पहिलं एकशेबारा. तो ते उचलतोय, तोच दारात अध्यक्ष.

“चुकलं माझं,” कवळीवाला म्हणाला. “हे बघा, भिजवतोच आहे.”

“थांबा हो.” अध्यक्ष स्टुलावर बसले. कवळी काढून त्यांनी भांड्यात ठेवली आणि मातीच्या डोक्याशेजारी आपलं डोकं आणलं. शब्दांतून हवा गळत होती. “कान चुकलेत. एवढे मोठे नाहीत माझे.”

कवळीवाल्याने वाकून पाहिलं. खरंच चुकले होते. हिरड्यांवरून कान कळत नाहीत, हे तीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“आणि बाकी?”

“बाकी मीच आहे.” अध्यक्षांनी मातीच्या ओठांवरून बोट फिरवलं. “आमची ही गेल्यापासून हे तोंड कुणी बघितलं नव्हतं.”

कवळीवाल्याने एकशेबारा घमेल्यापासून दूर सरकवलं. मग म्हणाला, “तुमच्या कविता भिकार आहेत.”

“सगळ्या?”

“ती बायकोच्या चपलांची सोडून. तिचंही शेवटचं कडवं फेकून द्या.”

“मलाही तेच वाटत होतं,” अध्यक्ष हळूच म्हणाले. “पण त्यालाच टाळ्या पडतात.”

कवळीवाल्याने घमेल्यात बोटं बुडवली आणि ओल्या अंगठ्याने मातीचा डावा कान पुसून टाकला.

“हलू नका.”

अध्यक्ष हलले नाहीत. शेजारच्या भांड्यात त्यांचे दात एकटेच हसत होते.