सोल्वेगला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

सेवा करून आलेल्या माणसांचा सत्कार करायचा म्हटलं, की आमच्या बर्च फॉल्सचा हात अख्ख्या मिनेसोटात कोणी धरणार नाही! कोणी देशातच वर्षभर स्वयंसेवा केलेली असो, कोणी दोन वर्षं परदेशात राहून पोरं शिकवून आलेलं असो, दर हिवाळ्यात चर्चच्या तळघरात त्यांना जेवण, नाव कोरलेली लाकडी पाटी आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या. पाटी घेऊन माणूस घरी गेला की पुढे त्याचं काय होतं, हे विचारायची मात्र आमच्याकडे पद्धत नव्हती.

यंदा पाट्या वाटायला आमचे आमदार ऑर्विल हेग्लंड आले होते. माणूस सरळ, पण स्वतःच्या भाषणावर फार प्रेम. त्यांच्या समितीपुढे नेमकं याच लोकांचं विधेयक होतं. सेवा संपवून आलेल्यांना वर्षभर सरकारी आरोग्य विमा मिळावा आणि सेवेचा काळ सरकारी नोकरीत अनुभव म्हणून धरावा, एवढंच त्यात मागितलं होतं. समितीतली निम्मी माणसं इकडे, निम्मी तिकडे. सोमवारी ऑर्विल ज्या बाजूला हात वर करतील, तिकडे निकाल लागणार होता.

आणि ऑर्विलचं मत तर पक्कं होतं. "अहो, सेवा ती सेवा! तिला सवलती चिकटवल्या की ती नोकरीच झाली!" असं ते नाक्यावरच्या न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना ऐकवत होते. तरी त्यांनी ठरवलं, प्रत्यक्ष सेवा केलेल्यांना विचारून टाकू. उद्या कोणी 'विचारलंच नाही' म्हणायला नको.

त्या दिवशी पाट्या दोघांना होत्या. एक सोल्वेग ब्राटेन. आफ्रिकेतल्या मलावीत दोन वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच परतलेली. दुसरा ड्वेन. कागदाची गिरणी बंद पडल्यावर त्याने वर्षभर राष्ट्रीय सेवेत काढलं आणि वादळात उडालेली आमच्या गावातली घरं पुन्हा उभी केली.

पाट्या देऊन झाल्यावर ऑर्विल माईकमध्ये म्हणाले, "मोकळेपणाने सांगा हं! सरकारकडून काही हवंय? काही अडचण?"

"छे छे, माझं मस्त चाललंय," सोल्वेग हसून म्हणाली.

"मला कसली अडचण?" ड्वेनने पाटीकडे बघत खांदे उडवले.

टाळ्या! ऑर्विल खुश. विषय संपला, असं म्हणत ते ताट घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि तिथेच सापडले. सिंकपाशी इंगाआत्या उभी होती. ही त्यांची सख्खी आत्या. वय ऐंशी, सगळा जन्म नर्स म्हणून गेला, आणि चर्चच्या स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय चमचा हलत नाही.

"ऑर्व्या, इकडे ये. फडकं घे. पूस."

आमदारसाहेब निमूटपणे कपबश्या पुसू लागले.

"सोमवारी काय सांगणार आहेस समितीत?"

"जे ऐकलं तेच. त्यांना काही नकोय, आत्या! स्वतःच्या तोंडाने म्हणाले, तूही ऐकलंस."

"किती वेळा विचारलंस?"

"म्हणजे? एकदा. साऱ्या गावासमोर विचारलं की!"

आत्याने नळ बंद केला. "मघाशी मी सोल्वेगला कॉफी विचारली. पहिल्यांदा म्हणाली, नको. दुसऱ्यांदा म्हणाली, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दोन कप प्यायली! तू तरी पहिल्या खेपेला कधी हो म्हणालायस का रे? बाहेर ट्रेमध्ये केकचा शेवटचा तुकडा आहे ना, त्याचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे होत होत आता नखाएवढा उरलाय. पण संपवायची कोणाची हिंमत नाही! या गावात जन्मलास, इथे वाढलास, आणि पहिलं 'नको' खरं धरून चाललास? कॉफीला तीनदा विचारायचं आणि माणसाच्या दुखण्याला एकदाच?"

"कसलं दुखणं?" ऑर्विलचा हात थांबला.

"तू बोलत होतास तेव्हा ती मान वाकडी करून ऐकत होती. पाहिलंस ना?"

"हो, पाहिलं. मला वाटलं, भाषण रंगलंय."

"रंगलंय म्हणे! डाव्या कानाने तिला धड ऐकू येत नाही, गाढवा! तिकडे ताप काय आला, कान घेऊनच गेला."

ऑर्विल जरा वरमले, पण राजकारणी माणूस, लगेच हार कशी मानणार? "वाईट वाटतं गं. पण आत्या, हे लोक आपणहून गेले ना? कोणी धरून तर नेलं नव्हतं. उद्या सवलतींच्या आशेने कोणीही उठून जाईल."

"जाऊ दे की! दोन वर्षं चिखल तुडवत शाळेत जायचं, विहिरीचं पाणी उकळून प्यायचं, आणि वर्षभराच्या विम्याच्या लोभाने? असा लोभी मला एक आणून दाखव, मी त्याला रोज जेवायला घालीन! अरे, उलट विचार कर. परत आल्यावर आजारपण आपलं आपण निस्तरायचं असेल, तर जाणार कोण? ज्याच्या बापाची ऐपत आहे तोच. मग ती सेवा कसली? श्रीमंतांच्या पोरांची हौस झाली ती. ड्वेनसारख्याने मग आपली छपरं घालायला यायचंच नाही! कोरडं कौतुक करायला काही लागत नाही ऑर्व्या, म्हणून तर आपण इतकं भरभरून करतो. टाळ्या वाजवल्या आणि तोंडाला पानं पुसली!"

ऑर्विल पुसलेलाच कप पुन्हा पुसत राहिले. मग फडकं खांद्यावर तसंच टाकून बाहेर आले आणि सोल्वेग व ड्वेन बसले होते त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. सोल्वेगच्या उजव्या हाताला.

"सोल्वेग, खरंच काही नकोय?"

"नको हो ऑर्विलकाका. माझ्यापेक्षा कितीतरी जणांना जास्त गरज आहे."

"हे दुसऱ्यांदा झालं," ऑर्विल म्हणाले. "आता तिसऱ्यांदा विचारतो. काय हवंय, पोरी?"

ती हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले. हळूहळू सगळं बाहेर पडलं. वसंतापर्यंत कानाची शस्त्रक्रिया झाली तर ऐकू येणं वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सेवेबरोबरचा विमा संपला होता. आमच्या शाळेला कधीपासून विज्ञानाचा शिक्षक मिळत नाही, ती जागा तिला देऊ केली होती. पण तिथला विमा लागू होणार थेट शरद ऋतूत.

"शहरातल्या गोदामात पहिल्या दिवसापासून विमा आहे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात तिकडेच जाणार आहे. खोकी उचलायची, दुसरं काय. शाळेला अजून नाही म्हणून सांगितलेलं नाही. जिवावर येतंय."

ड्वेनने घसा खाकरला. त्याला मात्र ऑर्विलने एकदाच विचारलं होतं, पण सोल्वेग बोलल्यावर त्यालाही धीर आला. "आता निघालाच आहे विषय तर सांगतो. रस्ते खात्यात नोकरी मागायला गेलो होतो. साहेब म्हणाले, मधलं वर्ष रिकामं दिसतंय, काय करत होता? म्हटलं, साहेब, तुम्ही झोपता त्या खोलीचं छप्पर घालत होतो!"

सगळं टेबल खो खो हसलं. ऑर्विलही हसले, पण लाजेने त्यांचे कान लाल झाले होते.

सोमवारी समितीत अध्यक्षांनी विचारलं, "हेग्लंड, तुमच्या भागातले सेवाकर्मी काय म्हणतात? हे सगळं त्यांनी मागितलंय का?"

ऑर्विल उठले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी भाषण लिहून आणलं नव्हतं. "नाही, अध्यक्षमहाराज. त्यांनी काहीच मागितलं नाही. गाव बुडालं, उडालं, आजारी पडलं, तेव्हा तेही या लोकांकडे मागायला गेलं नव्हतं. हेच आपणहून आले! आता आपण आपणहून जायचं की ते थकून हात पसरतील याची वाट बघायची?" आणि त्यांनी विधेयकाच्या बाजूने हात वर केला.

समितीत आणि पुढे सभागृहातही विधेयक मंजूर झालं, लगेच लागूही झालं! सोल्वेगची शस्त्रक्रिया बर्फ वितळायच्या आत पार पडली. आता आमच्या शाळेत मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा तिला ऐकू येते आणि पोरं तिच्या नावाने बोटं मोडतात. ड्वेन रस्ते खात्यात लागला, त्याचं ते वर्ष आता रिकामं धरत नाहीत. पाट्या आम्ही अजूनही वाटतो, कारण टाळ्यांची हौस आम्हाला आहेच.

मित्रहो, आपल्या गल्लीतही असं कोणीतरी असेल. आपल्यासाठी राबून आलेलं, आणि विचारलं की 'मस्त चाललंय' म्हणणारं. त्याचं हे उत्तर आपल्याला सोयीचं वाटतं, म्हणून आपण चटकन मान्य करतो. सेवा करणारा मागत नाही, हा त्याचा मोठेपणा झाला. तो मागत नाही म्हणून आपण देत नाही, हा आपला कोतेपणा. सरकार म्हणजे तरी कोण? आपणच ना! मग जो आपल्यासाठी पुढे गेला, तो परत येईल तेव्हा त्याच्या पायाखाली जमीन असेल, एवढं बघणं आपलं काम आहे.