सख्ख्या भावाचा रकाना

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये पुंडलिकराव भेटले आणि लेकीचा विषय निघाला नाही, असं कधी झालं नाही. संघमित्रा रायपूरच्या प्रयोगशाळेत जनुकांवर संशोधन करते, हे भाजीवाल्यालासुद्धा तोंडपाठ होतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार एकाला अंथरुणाला खिळवतो आणि दुसऱ्याला जेमतेम जाणवतो, असं कोणत्या जनुकामुळे होतं, हा तिचा प्रश्न. त्यासाठी भिलाईतल्या चारशे बारा रुग्णांचं रक्त जमवायचं होतं. तिला स्कूटरवर मागे बसवून दारोदार फिरले ते पुंडलिकरावच. फॉर्मही त्यांनीच भरले, ठसठशीत अक्षरात. पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये छत्तीस वर्षं नोंदी केलेला माणूस तो. आपल्या हातून चूक होऊ शकते हेच त्यांना मान्य नव्हतं.

त्या रविवारी दुपारी संघमित्रा पडेल चेहऱ्याने घरी आली. पुंडलिकराव आणि त्यांचे धाकटे भाऊ दयारामकाका चहा पीत बसले होते. सिकलसेल दोघांनाही होता, आणि त्याने दोघांनाही फारसं छळलं नव्हतं.

"बाबा, पूरा काम अटक गया," ती म्हणाली. "फॉर्मवर तुमी न् काका सख्खे भाऊ. पण रक्त सांगून राहिलं, तुमचं काही नातंच नाही. सर म्हणतात, नळ्यांची अदलाबदल झाली असन. उद्यापर्यंत कारण नाही सापडलं तर भिलाईचे सगळे नमुने बाद करतीन. माही तीन वर्षं पाण्यात."

पुंडलिकरावांना कारण लगेच कळलं. नळ्या बदलल्या नव्हत्या. तुमसरकडच्या गावात, शेजारच्या घरातले दयारामचे आईबाप एकाच साथीत गेले, तेव्हा पुंडलिकरावांच्या आईने त्याला घरी आणलं होतं. याला परका म्हणेल त्याने माझ्या हातचं जेवू नये, असं तिने बजावलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत तो शब्द कुणी काढला नाही. संघमित्रालाही ठाऊक नव्हतं. फॉर्म भरताना पुंडलिकरावांचा हात जरासुद्धा थबकला नव्हता. आता बोलावं तर दयारामचं मन मोडतं, न बोलावं तर लेकीच्या कामावर पाणी पडतं.

"नळ्या बरोबर आहेत," ते शेवटी म्हणाले. दयारामकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. "चूक माही आहे. दयाराम माह्या आईच्या पोटचा नाही."

संघमित्राने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग खुर्ची ओढून काकांजवळ बसली.

"काका, सख्ख्या भावांमंदी सारखं जनुक निघालं तर त्यात नवल नाही. पण तुमच्या दोघांचं रक्ताचं नातं नाही, तरी मी शोधून राहिली तेच जनुक दोघांमंदी निघालं, न् आजार दोघांचाही हलका. म्हणजे ह्या दोन वेगळ्या घरांच्या साक्षी झाल्या. माहं म्हणणं उलट पक्कंच होऊन राहिलं. फक्त फॉर्म दुरुस्त करून तुमच्या दोघांच्या सह्या लागतीन."

पोरगी किती शहाणी झाली, या विचाराने पुंडलिकरावांना भरून आलं.

दयारामकाकांनी चष्मा लावला आणि संघमित्राने पिशवीतून काढलेला फॉर्म पुढ्यात घेतला. 'सख्खा भाऊ' यावर एक रेघ ओढली, शेजारी 'नातं नाही' असं लिहिलं, सही केली आणि पेन पुढे केलं.

"कर सही, दादा," ते म्हणाले. "पोरीसाठी येवढं एक खोटं चालते."