चाळीस मेटकरी

लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला एका हॉटेलचा मोठा हॉल आहे, एरवी लग्नांना देतात. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी तिथे टेबलावरच्या लढायांचा मेळा भरतो. पुण्या-मुंबईहून शंभरेक माणसं येतात. खोक्यांतून बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले सैनिक निघतात, थर्माकोलचे डोंगर आणि पुठ्ठ्याचे बुरूज मांडले जातात. मग फासे टाकायचे, टेपने इंच मोजायचे, सैनिक सरकवायचे. सहा फेऱ्यांत लढाईचा निकाल.

अनघा आदल्या वर्षी तिथे नुसती बघायला गेली होती. या वर्षी ती खेळायला आली. सोबत तिचे वडील गोरख आले, कारण स्कूटरवर मागे बसून खोकं मांडीवर धरायला कुणीतरी हवं होतं. गोरख रेल्वेत की-मन होते. खंडाळ्याच्या घाटात तीस वर्षं रोज रूळ चालत तपासले आणि निवृत्त होऊन सोमाटण्याला घर बांधून राहिले. सोमाटण्याहून लोणावळ्यापर्यंत त्यांनी ते खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. त्यात अनघाची दोन वर्षं होती.

अनघा तळेगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. वय एकतीस. तिचा हात इतका स्थिर की साच्यावरचा केसाएवढा ओरखडा ती भिंगाशिवाय घासून काढते. सैनिक विकत मिळतात हे तिला माहीत होतं, पण तिला हवे होते ते कुणीच विकत नव्हतं. म्हणून दर रविवारी ती तारेचा सांगाडा वळायची, त्यावर नळगळती बुजवायची पुट्टी चढवायची आणि जुन्या बाजारातून आणलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या हत्यारांनी नाक-डोळे कोरायची. असे चाळीस जण झाले. सगळे मेटकरी.

गडाच्या अर्ध्या चढावर पहाऱ्याच्या जागा असत, त्यांना मेट म्हणत आणि तिथे बायकापोरांसह राहून वाट राखणाऱ्यांना मेटकरी. गोरख यांचं मूळ गाव तिकोणा पेठ. आपले जुने लोक तिकोण्याच्या मेटावर होते, असं त्यांची आई भामाबाई सांगायची. वर गडावर मोठी माणसं, पण खालून कुणी चढू लागलं की पहिलं शिंग आपलं आणि पहिला धोंडाही आपला. छप्पन साली अनघाच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घराने गावकीची कामं सोडली, गडाची ही गोष्ट मात्र ठेवली. कागद त्यांच्याकडे कसलाच नव्हता.

अनघाने महिनाभर आधी रीतसर नाव नोंदवलं होतं. सैन्याची यादीही पाठवली होती: चाळीस पायदळ, त्यांत बारा गोफणवाले, वीस भालेकरी, सात दगड लोटणारे, एक शिंगवाला. यादी मंजूर झाल्याचा निरोपही आला होता. शनिवारी सकाळी तिला सात नंबरचं टेबल मिळालं. तिने एकेक माणूस उचलून उतारावर उभा केला. गोरख मागे खुर्चीवर बसून बघत होते. ते त्यांना माणसंच म्हणायचे.

सगळी मांडून झाली आणि मेळ्याचा आयोजक निलेश तिथे आला. निलेश पवन मावळातलाच, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. हा मेळा त्याने चार मित्रांना घेऊन सुरू केला आणि पाच वर्षांत एवढा वाढवला. त्याने वाकून बघितलं. बारा गोफणवाल्यांपैकी नऊ बायका होत्या, कासोटा घातलेल्या. भालेकऱ्यांत दोन म्हातारे, एक लंगडा. कुणाच्याच अंगावर चिलखत नव्हतं, पायात जोडा नव्हता. शिंगवाल्याच्या खांद्यावर काळी घोंगडी होती आणि पायाशी कुत्रा.

निलेशने आधी कामाचं कौतुक केलं आणि ते मनापासून होतं. मग विचारलं, हे नक्की कोण? अनघाने सांगितलं. तो आवाज खाली आणून समजावू लागला. हे लोक सैन्यात मोडत नाहीत, ते गडाचे सेवेकरी. यादीतल्या शब्दांवरून त्याला वाटलं होतं नेहमीचं पायदळ असेल. मेळ्याचे फोटो सगळीकडे जातात, आजकाल कुणाच्या भावना कशावरून दुखावतील सांगता येत नाही. उद्या कुणी आरडाओरडा केला तर हॉल मिळणार नाही. त्याने तोडगाही आणला होता. दाराशी काचेचं कपाट होतं, त्यात मधल्या फळीवर हे चाळीस जण ठेवायचे, खाली अनघाचं नाव. सगळे बघतील. फक्त स्पर्धेत खेळायचं नाही.

"बघायला नाही आणले," अनघा म्हणाली. "खेळायला आणलेत."

निलेश म्हणाला की इतिहासाच्या टेबलांवर पुरावा लागतो. ही माणसं लढली याचा काही लेखी पुरावा आहे का?

अनघाने शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे हिरव्या कातडीचे राक्षस एका दुतोंडी ड्रॅगनवर चालून जात होते. "त्यांचा पुरावा तुम्ही पाहिलात?"

शेजारची दोघं-तिघं हसली. निलेश हसला नाही. ते काल्पनिक टेबल आहे, इथले नियम वेगळे, असं म्हणून त्याने टेबलाच्या कोपऱ्यावरची तिच्या नावाची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. दहा वाजता पहिला डाव सुरू होतो, तोवर टेबल मोकळं करा म्हणाला आणि निघून गेला.

गोरख उठले. आयुष्यभर साहेबाने हात केला की रुळावरून बाजूला व्हायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी खोकं पुढे ओढलं.

"चल बाई, भर ही माणसं. आपल्याला कुटं वाद घालाया येतोय. दुपारपातूर घरी जाऊ."

"मी नाही जाणार, आप्पा."

"लोकं बघाया लागलीत."

"बघू देत. यादी त्यांनी मंजूर केलीय, गोफण त्यांच्या पुस्तकात हत्यार म्हणून लिहिलीय. बायकांनी मारू नये असं कुठे लिहिलेलं नाही." ती टेबलाला खेटून उभी राहिली. "त्यांना उचलायचे असतील तर त्यांनी उचलावेत. मी उचलणार नाही."

सैनिकांना हात लावायचा नाही म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. गोरख यांनी ते मागून पाहिलं. खोकं त्यांनी टेबलाखाली सरकवलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

दहाला पाच कमी असताना सृष्टी आली. ही दातांची डॉक्टर, लोणावळ्यातच दवाखाना. मागच्या वर्षी तिचा दुसरा नंबर आला होता आणि तो तिला महिनाभर टोचत होता. पहिल्या डावात तिची जोडी अनघाशी लागली होती. निलेशने तिला वाटेतच गाठून सांगितलं होतं की समोरची खेळाडू बाद आहे, तुला हा डाव न खेळता मिळाला, पूर्ण गुण. सृष्टी तरीही आपले घोडेस्वार आणि बंदूकवाले घेऊन सात नंबरवर आली. तिने उतारावरच्या माणसांकडे नीट पाहिलं, एक गोफणवाली उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"हे दात तुम्ही आमच्या टोकदार प्रोबने कोरलेत का?"

अनघाने हो म्हटलं.

सृष्टीने ती बाई जिथून उचलली तिथेच परत ठेवली आणि आपलं खोकं उघडलं. निलेश पुन्हा आला तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं की आपण फुकटचे गुण घ्यायला सुट्टी काढून आलेलो नाही. हा डाव मोजायचा नसेल तर मोजू नकोस, पण तो होणार. निलेश म्हणाला, मग तुझेही गुण अडचणीत येतील. येऊ देत, ती म्हणाली. मग अनघाला तिने स्पष्ट सांगितलं, "मी तुमच्यावर उपकार करत नाहीये. मी तुम्हाला हरवणार आहे."

"बघू," अनघा म्हणाली.

गड अनघाने राखायचा, सृष्टीने सहा फेऱ्यांत दरवाजा घ्यायचा. सृष्टी नेहमी खेळायची तशीच खेळली, घाईने आणि निर्दय. पहिल्याच फेरीत तिचे स्वार उताराच्या पायथ्याशी आले. अनघाने शिंगवाल्याचा फासा टाकला, पाच आला, आणि सगळे मेटकरी एकदम जागे धरले गेले. दुसऱ्या फेरीत गोफणींनी आठ स्वार पाडले. घोडे चढावर अडकले. तिसऱ्या फेरीत सृष्टीने बंदूकवाले वर आणले आणि एका दमात तेरा मेटकरी उचलून बाजूला ठेवले.

तोवर टेबलाभोवती माणसं जमू लागली होती. कुणीतरी गोफणीचा पल्ला जास्त धरलाय म्हणालं, तर दुसऱ्याने पुस्तक उघडून पल्ला बरोबर असल्याचं दाखवलं. गोरख गर्दीतून पुढे सरकले. त्यांना नियम कळत नव्हते, चढ कळत होता. घाटात दरड कुठून सुटते हे त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं. ते अनघाच्या कानाशी वाकले.

"धोंडं हितनं नगं सोडू. तितं वर, घळीच्या तोंडाला माणसं ने. घळीतनं सुटलं की थांबत न्हाई ते."

अनघाने सातही दगडवाले घळीच्या तोंडाशी सरकवले. चौथ्या फेरीत धोंडे घळीतून गेले आणि सृष्टीचे बंदूकवाले निम्मे झाले. सृष्टीने पहिल्यांदा खुर्ची ओढली, बसली आणि बराच वेळ विचार केला.

पण तिचं सैन्य मोठं होतं. पाचव्या फेरीत तिने उरलेले सगळे स्वार पायउतार करून दोन्ही बाजूंनी चढवले. दरवाजा पडला. अनघाचे तीनच जण उरले: दोन बायका आणि शिंगवाला. सृष्टीने विचारलं, थांबायचं का? निकाल कळल्यासारखाच होता आणि पुष्कळ जण अशा वेळी हात मिळवतात.

"सहा फेऱ्या आहेत ना?" अनघाने फासे उचलले. "सहा होऊ देत."

सहाव्या फेरीत त्या दोन बायकांनी आणखी दोघांना पाडलं. मग त्या पडल्या, शिंगवालाही पडला. गुण मोजले: चौदा विरुद्ध अकरा, सृष्टी जिंकली. अनघाने हात पुढे केला.

निकालाचा फळा हॉलच्या मधोमध होता. निलेश सात नंबरसमोर सृष्टीचं नाव लिहून पुढे 'न खेळता विजयी' असं लिहू लागला. अनघा गर्दीतून त्याच्यापाशी गेली. तिला बघून त्याने चटकन खाली वाकून पिशवीतून एक प्रशस्तिपत्र काढलं, उत्कृष्ट हस्तकला म्हणून, संध्याकाळी व्यासपीठावर बोलावून देऊ म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आता हे गोडीने मिटेल.

अनघाने ते हातात घेतलं नाही. "मी हरले ते लिहा," ती म्हणाली.

निलेशला कळलं नाही. हरल्याची नोंद करून तिचा काय फायदा, त्यापेक्षा हे बक्षीस बरं नाही का?

"चौदा विरुद्ध अकरा. माझं नाव, त्यापुढे अकरा. जे लढलेच नाहीत ते हरत नाहीत. आम्ही लढलो, म्हणून हरलो. ते लिहा."

ती ओरडली नव्हती, पण आजूबाजूचे फासे थांबले होते. सृष्टी मागून आली. तिने डस्टर घेऊन स्वतःच्या नावापुढचे शब्द पुसले, खडू निलेशच्या हातात परत दिला आणि त्याला सांगितलं की मी हा डाव घाम गाळून जिंकलेय, न खेळता काय लिहितोस. निलेश फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने लिहिलं: सृष्टी चौदा, अनघा अकरा. ते लिहिल्यावर दुसऱ्या डावाच्या जोडीत अनघाला घेणं भागच होतं. तिला चार नंबर टेबल मिळालं.

त्या दोन दिवसांत ती चार डाव खेळली. एक जिंकली, तीन हरली. चोवीस जणांत अठरावी आली. चारही निकाल फळ्यावर होते. गोरख दुपारी कँटीनच्या रांगेत अनोळखी लोकांना घळीचं गणित सांगत होते आणि एक-दोघं ते वहीत उतरवून घेत होते.

मेळ्याचे फोटो बाहेर गेले. कुणी खूप चांगलं लिहिलं, कुणी घाणेरडं. ऑगस्टमध्ये निलेशने पुढच्या वर्षीचे नियम मेळ्याच्या ग्रुपवर टाकले. अकरावं कलम नवं होतं: ज्या सैन्याचा लेखी कागदपत्रांत उल्लेख नाही, ते इतिहासाच्या टेबलांवर चालणार नाही.

अनघाने ते कारखान्यातून सुटताना गेटवर वाचलं. घरी जाऊन तिने नोंदणीचा फॉर्म भरला आणि सैन्याच्या जागी लिहिलं: मेटकरी, चाळीस. अर्ध्या तासाने सृष्टीचा फोन आला. तिच्याकडे बंदूकवाले पुष्कळ झाले होते. तिने आपल्या फॉर्मवर तेच लिहिलं होतं, मेटकरी, चाळीस, आणि आता जानेवारीपर्यंत एवढे बनवायचे कसे हे तिला शिकवशील का, असं ती विचारत होती. अनघा म्हणाली, रविवारी ये, तुझी जुनी हत्यारं घेऊन ये.

तीन दिवसांनी दोघींनाही नाव नोंदवल्याचा निरोप आला. अकरावं कलम अजून तसंच आहे. दोघी जाणार आहेत.