तारांची किरकिर

प्रेरणाची बोटं जाड तारांवरून सरकली, कर्रर्र झालं, आणि उत्तमरावांनी पेटीवरचा हात उचलला. सोनाळ्याच्या देवळातलं गुरुवारचं भजन मध्येच थांबलं.

"पोरी, हे कर्र-कर्र, सूं-सूं काय लावलं तुह्या गिटारनं?"

"बोट घासलं का वाजते, काका."

"आठ दिवस देतो. आवाज गेला त ये. नाही त घरीच वाजव."

तीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसापुढे कोण बोलणार? दाराशी, चपलांजवळ बसलेली प्रेरणा उठली. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि राग तिला चांगला मानवायचा.

कापूस वेचून तिची बोटं चिरली होती, थोडा दोष त्यांचाही होता. आई टाचा घासायची त्या वज्रीनं तिनं बोटांची टोकं गुळगुळीत केली. वेचणीला जाण्याआधी रोज तासभर एकच काम: बोट तारेवरून ओढत न्यायचं नाही, उचलून ठेवायचं. नको असलेल्या तारा उजव्या तळव्याच्या कडेनं दाबून धरायच्या. तरी मागे गुणगुण उरलीच, तेव्हा तिनं खुंट्यांजवळ जुन्या मोज्याची पट्टी बांधली.

"गिटारले थंडी वाजते काय वं?" आईनं विचारलं.

"तिचं तोंड बंद करून राह्यली. मंग काकाचं."

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा चपलांजवळच बसली. भजन सुरू झालं. एक कडवं गेलं, दुसरं गेलं, कर्र काही झालं नाही. सूं-सूं मात्र चालूच होतं. उत्तमरावांनी सवयीनं तिच्याकडे डोळे वटारले.

प्रेरणानं वाजवणं थांबवलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

सूं-सूं चालूच राहिलं. टाळ एकेक करून थांबले आणि सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या. भाता कधीचा फाटला होता कोण जाणे. खापर मात्र आजवर पोरीवर फुटत होतं. उत्तमरावांनी भाता मिटला तसा तो आवाजही गेला.

मंडळीत सगळ्यात वयस्कर असलेल्या रुखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या,

"उत्तमा, सरकून बस. पोरीले जागा दे."

उत्तमराव पेटीसकट सरकले. प्रेरणा गिटार घेऊन चपला ओलांडून आली, पेटीला अगदी खेटून बसली आणि तिनं तळवा तारांवर ठेवला.

"काका," ती म्हणाली, "तुमालेबी आठ दिवस."