खुराकाची पाळी

ज्योतिबांनी भिजलेले बदाम सोलून कुंडीत टाकले आणि घोटता घोटता लेकाला रोजचा प्रश्न विचारला.

"रवी, आज काय? दूध-बदाम, का केळं?"

उजवा पाय लांब करून रविराज पायरीवर बसला होता. पोराला त्याच्या मर्जीनं काही ठरवायला मिळे ते एवढंच. बाकी सारं गावानं ठरवलेलं. चैत्रातल्या जत्रेची शेवटची, मानाची कुस्ती त्यानं मारायची, आणि तोवर रोज निजायच्या आधी गावचं दूध रिचवायचं. त्या दुधाच्या पाळ्या लावलेल्या होत्या, रोज एका घरची चरवी. पाच वर्षांत एकही पाळी चुकली नव्हती.

आणि गुडघा तर कामातून गेला होता! शिरूरच्या डॉक्टरनं तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं, चालाल-फिराल, पण आखाडा विसरा. हे ठाऊक फक्त चांगदेवला. तालमीतला हा जुना जोडीदार आता शिरूरला विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. सोमवारपर्यंत कामाला ये, नाहीतर दुसरा गडी बघतो, असा त्याचा निरोप होता. आज शनिवार. घरी रविराजनं पाय मुरगळला एवढंच सांगितलेलं. खरं सांगायला तोंड उघडावं, तर तोंडाला तांब्या लागायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात धुरपदा म्हातारी आली. तिची चरवी जेमतेम अर्धी होती.

"म्हस आटत आलीया रं. पर पान्याचा थेंब घातला न्हाई, तुजी आन."

"नातीला ठेवलं का, आजी?"

"तिला कोरा चहा दिला की. तिला कुठं कुस्ती खेळायचीय?"

रविराजनं चरवी तिच्याकडं परत सरकवली.

"मला आज दूध नगं, आजी."

म्हातारीचा चेहरा खर्रकन उतरला. पाळीचं दूध परत गेलं, म्हणजे त्यात पाणी होतं असं गाव धरून चाले. मागं एका घरचं असंच परत गेलं, तर त्या बाईला वर्षभर हापशावर तोंड दाखवायची चोरी झाली. रविराजला ते आठवलं आणि मग मात्र त्याला राहवेना.

"दुधाला नाव न्हाई, आजी. माजा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हनला, परत कुस्ती न्हाई. आप्पा, मी सोमवारी शिरूरला चाललो, कामाला."

कुंडीतला दांडा थांबला. धुरपदानं चरवी उचलली आणि निघून गेली.

छातीवरचा धोंडा उतरावा तसं रविराजला हलकं वाटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तो दुधाशिवाय, नुसती पिठलं-भाकरी खाऊन निजला आणि गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी त्यानं कपड्यांची पिशवीसुद्धा भरली. बापानं कुंडी कोपऱ्यात सारून ठेवली.

दिवेलागणीला अंगणात बायांचा गलका झाला. एक सोडून चार चरव्या! पुढं धुरपदा, आणि तिच्या पदराला धरून ती कोऱ्या चहाची नात.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई बग पोरा," म्हातारी म्हणाली. "गुडघा गेला म्हंजी आमचाच खुराक कमी पडला. समद्या आळीला सांगून आले. आजपास्नं रोज चार घरचं दूध. कसा बरा व्हत न्हाई ते बगू!"

"तसं नसतं, आजी…"

"तू गप. चैताला अजून दोन म्हैनं हायती."

बाया हसल्या. ज्योतिबा लगबगीनं उठले, डोळे पुसले आणि कुंडी धुवायला घेतली. एवढे खुशीत ते कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

पोरगी टाचा उंचावून चरवीत डोकावत होती. धुरपदानं तिला मागं ओढलं.

"रवी," ज्योतिबांनी विचारलं, "आज काय? बदाम, का केळं?"

रविराजनं चारही चरव्यांकडं बघितलं. मग दाराशी ठेवलेली पिशवी त्यानं पायानं हळूच आत सारली.

"केळं," तो म्हणाला.