दोन राजांचा एक बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे, मित्रांनो. नाटकात मला सिंहासन म्हणत. आता दिग्रसजवळच्या एका शाळेच्या कोठीत पडून असतो. सांधे कुरकुरतात, म्हणून हळूहळू सांगतो.

आमच्या वामनराव गुरुजींना जोडीनं राज्य करणाऱ्यांचा फार नाद; दर गॅदरिंगला ते त्यांचंच नाटक बसवत. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे असत. रोमचे मार्कस आणि लुसियस मानलेले भाऊ, दोघेही सम्राट. इंग्लंडात विल्यम आणि मेरी या नवरा-बायकोचा राज्याभिषेक एकदमच झाला. मेरीसाठी दुसरी खुर्ची घडवावी लागली. "आपल्याकडं कुठं एवढं लाकूड?" म्हणत गुरुजींनी बळीराम सुताराकडून दोघांत मिळून मलाच करून घेतलं. तरी लाकूड अपुरं पडलं आणि माझे पाय टोकांना न लावता मधे जवळजवळ बसवावे लागले. कडेला कुणी एकटा बसला की मी कलंडायचो.

बळीराम ओशाळला. गुरुजी म्हणाले, "राहू दे. जोडीनं बसणं-उठणं एवढं चांगलं तर मलेही शिकवता येत नाही."

वीस वर्षं राजे माझ्यावर जोडीनं बसले, जोडीनं उठले. मग कापसाचे वाईट दिवस आले. बाजारात गाड्या चार-चार दिवस उभ्या, माणसं तिथंच मुक्कामाला. त्या वर्षी गॅदरिंगला निम्मा मांडव रिकामा होता. आयुष विल्यम झाला होता, अर्पिता मेरी. ऐन दरबारात आयुषला मांडवाच्या तोंडाशी त्याचे बाबा दिसले आणि तो ताडकन उठला. अर्पिता खाली पडली. तिचा हात मोडला, माझा पाय.

हेडसर म्हणाले, "कापून दोन खुर्च्या करा." बळीराम करवत घेऊन आला. गुरुजी त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. ते माझ्यावरची धूळ पुसू लागले. तेवढ्यात प्लास्टरचा हात सावरत अर्पिता आली, मागून आयुष.

"काहून उठला रे मले न सांगता?"

"बाबा दिसले न. चार दिवसानं."

"मंग सांगाचं ना! मीबी उठली असती."

बळीरामनं करवत पिशवीत घातली आणि माझा पाय ठोकून दिला. "हेडसरले तुम्ही सांगा, गुरुजी. माह्या हातानं हे कापणं होत नाही."

दोघं माझ्यावर बसली. एकमेकांकडं पाहिलं आणि एकदमच उठली. मी हललो नाही.

तेव्हापासून मी अखंड आहे, फक्त थकलो आहे. मित्रांनो, मला पॉलिश नको, हारही नको. कधी कोठी उघडलीत तर दोघं मिळून बसा. आणि उठताना शेजारच्याला तेवढं सांगा.